शिवी आणि सनावळी



इतिहासाच्या तासाला विद्यार्थ्यांची एक तक्रार ठरलेली असते. "सर, सनावळ्या कशाला पाठ करायच्या? गोष्ट समजली म्हणजे झाले की!" या तक्रारीला आम्ही मास्तर मंडळी जी ठराविक उत्तरे देतो, तीच मीही वीस वर्षे देत आलो. पण मध्यंतरी शिक्षकांच्या एका शिबिरात तालुक्याकडच्या एका वयस्कर गुरुजींनी याहून अवघड प्रश्न टाकला. म्हणाले, "सर, इतिहास शिकवून भांडणे मिटतात की वाढतात, हे एकदा खरे खरे सांगा." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ते उत्तर माझे मलाच पटले नव्हते. आज मी एका दूरच्या देशाची हकीगत सांगणार आहे. ती त्या गुरुजींना उद्देशून आहे असे समजा. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही.

देशाचे नाव बोस्निया-हर्झगोव्हिना. युरोपच्या आग्नेय भागातला हा डोंगराळ मुलूख. डोंगर, नद्या, प्लमची बने आणि दऱ्यांमध्ये वसलेली गावे. २०१३ च्या शिरगणतीत तिथली लोकसंख्या सुमारे ३५ लाख भरली, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षाही कमी. एवढ्याशा देशात सिगारेटच्या पाकिटावर कित्येक वर्षे 'धूम्रपान घातक आहे' अशी सूचना तीन वेळा छापलेली असे. बोस्नियाकांच्या भाषेत 'पुशेन्ये उबिया', क्रोआटांच्या भाषेत 'पुशेन्ये उबिया' आणि सर्बांच्या भाषेतही 'पुशेन्ये उबिया'! फरक इतकाच, की सर्बांसाठी लिपी निराळी. तीन भाषांतली ही एकच सूचना वाचून परका माणूस हसतो. तिथला माणूस सहसा हसत नाही, कारण या तीनपणापायी त्याच्या घरातले कोणीतरी गेलेले असते.

हे तीन समाज कोण? सर्ब ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, क्रोआट कॅथलिक ख्रिस्ती आणि बोस्नियाक मुसलमान. तिघेही स्लाव्ह वंशाचे. यांच्या भांडणाला जग 'वांशिक' म्हणते, पण वंश म्हणावा तर तो एकच. बोलीत जो फरक आहे तो पावाला कोणी 'ख्लेब' म्हणतो आणि कोणी 'क्रुख', इतपतच. आणि एक गंमत सांगतो. त्या बोलीत दुकानाला 'दुचान' म्हणतात, पेटीला 'सांदुक' म्हणतात आणि शत्रूला 'दुश्मन'. ऐकताना आपलेच शब्द वाटतात ना? ते तिकडे तुर्कांबरोबर गेले आणि आपल्याकडे फारशीबरोबर आले. मात्र शेजाऱ्याला त्यांच्याकडे 'कोमशिया' असा जिव्हाळ्याचा शब्द आहे. युद्धातून वाचलेल्या माणसांच्या हकिगतींत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. घर जाळायला कोण आले होते? कोमशिया. आणि रात्री लपवून सीमेपार कोणी पोहोचवले? तोही कोमशियाच.

आता शिव्यांकडे वळतो. आकाशवाणीवरून शिव्या देणे शोभत नाही, पण या शिव्या साध्या नाहीत. आईबहिणीवरून किंवा जनावरावरून दिलेली शिवी राग ओसरला की विरते. बोस्नियातल्या ज्या शिव्यांनी माणसे मारली, त्या इतिहासाच्या पुस्तकातून उचललेल्या होत्या. मुसलमान शेजाऱ्याला 'तुर्क' म्हणायचे. क्रोआट शेजाऱ्याला 'उस्ताशा' म्हणायचे. सर्ब शेजाऱ्याला 'चेतनिक' म्हणायचे. यांतल्या प्रत्येक शब्दाला एकेकाळी एक सन होता.

तुर्कांनी बोस्निया जिंकला तो १४६३ साली. १८७८ मध्ये त्यांचा अंमल जाऊन ऑस्ट्रियाचा आला. त्या चारशे वर्षांत तिथल्याच पुष्कळ लोकांनी इस्लाम स्वीकारला. म्हणजे विसाव्या शतकातला सारायेवोचा मुसलमान शिक्षक किंवा ट्राम चालवणारा हा तुर्क नव्हे. त्याला तुर्की भाषेत चार वाक्ये धड बोलता यायची नाहीत. उस्ताशा म्हणजे १९४१ साली हिटलरच्या आश्रयाने क्रोएशियात सत्तेवर बसलेली टोळी. बोस्नियाही तेव्हा तिच्याच ताब्यात दिला होता. यासेनोव्हात्सच्या छावणीत तिने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल केली. तिथल्या स्मारकाने नावानिशी नोंदवलेले बळीच ८३,००० च्या वर आहेत. आणि चेतनिक म्हणजे त्याच महायुद्धातल्या सर्ब राजनिष्ठांच्या टोळ्या. पूर्व बोस्नियात, फोचाच्या आसपास, त्यांनी मुसलमानांची गावेच्या गावे कापून काढली.

हे सारे घडलेले आहे, आणि मला सांगायचे आहे ते नेमके इथेच. द्वेष पसरवणारा नेहमी खोटेच बोलतो अशी आपली समजूत असते. तसे असते तर काम किती सोपे झाले असते! तो पुष्कळदा खरे घडलेलेच सांगतो, फक्त त्यातला सन पुसतो. १९४१ सालचा उस्ताशा ही इतिहासातली नोंद झाली. पण सन पुसून तेच नाव १९९१ साली समोरच्या घरात राहणाऱ्या, १९५५ साली जन्मलेल्या सुताराला चिकटवले की त्याची शिवी होते. आणि शिवी देऊन झाल्यावर त्या सुताराला मारणे हा जणू स्वतःचा बचाव ठरतो.

हे कसे घडते, ते एका डोंगराच्या गोष्टीवरून सांगतो. वायव्य बोस्नियात कोझारा नावाचा डोंगर आहे. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन आणि उस्ताशा फौजांनी या डोंगराला वेढा घातला आणि आसपासच्या खेड्यांतील हजारो सर्ब बायकामुलांना व म्हाताऱ्यांना छावण्यांत नेले. त्यांतले कितीतरी परत आले नाहीत. पुढे त्याच कोझारावर दूरचित्रवाणीचा मनोरा उभा राहिला. ऑगस्ट १९९१ मध्ये, म्हणजे बोस्नियातले युद्ध सुरू होण्याच्या आठ महिने आधी, सर्ब सशस्त्र टोळीने तो मनोरा ताब्यात घेतला. भोवतालच्या घरांत सारायेवोचे कार्यक्रम दिसेनासे झाले आणि बेलग्रेडचे दिसू लागले. बंदूक चालण्याआधी मनोरा हाती घेतला गेला, ही गोष्ट या ध्वनिक्षेपकासमोर बसून सांगताना मला थोडे चमत्कारिक वाटते.

कोझाराच्या पायथ्याशी प्रियेदोर नावाचे गाव आहे. १९९१ च्या शिरगणतीप्रमाणे त्या तालुक्यात मुसलमान आणि सर्ब जवळजवळ सारखेच होते. एप्रिल १९९२ च्या अखेरीस सर्ब पक्षाने तिथली सत्ता बळकावली, आणि गावच्या नभोवाणीचा आवाज बदलला. एका क्रोआट डॉक्टरविषयी सांगण्यात आले, की तो सर्ब बायकांचे गर्भ पाडतो आणि सर्ब मुलग्यांना खच्ची करतो. दुसऱ्या एका मुसलमान डॉक्टरने म्हणे आपल्या सर्ब सहकाऱ्याला मुद्दाम चुकीचे औषध दिले! विचार करा, ज्या डॉक्टरच्या हातून आपली पोरे जन्माला आली त्याच्याविषयी लोक असे ऐकत होते, आणि सांगणारा परका नव्हता. रोज बाजारभाव आणि हवामान सांगणारे आपल्याच गावचे केंद्र होते. मे महिना संपता संपता हुकूम निघाला, की जे सर्ब नाहीत त्यांनी घरांवर पांढरी चादर लावावी. बाहेर पडताना त्यांच्या दंडावर पांढरी पट्टी आली. मग ओमार्स्काच्या लोखंडाच्या खाणीत छावणी उघडली. त्या एका तालुक्यात तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. १९४२ ची आठवण देऊन १९९२ चे कृत्य करवून घेतले गेले, आणि तेही त्याच डोंगराच्या सावलीत.

युद्धाचा सगळा वृत्तांत सांगत नाही. ते काम एका भाषणाचे नव्हे. एप्रिल १९९२ ते डिसेंबर १९९५ या काळात सुमारे एक लाख माणसे मेली. तिन्ही बाजूंनी गुन्हे झाले. क्रोआट सैनिकांनी एप्रिल १९९३ मध्ये अहमिची गावात शंभरावर मुसलमान मारले. खुद्द सारायेवोतही काही सर्ब नागरिक सरकारी पक्षाच्या टोळ्यांनी मारून दरीत टाकले. पण तिन्ही बाजूंनी गुन्हे झाले याचा अर्थ तराजूची पारडी सारखी होती असा नव्हे. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे ठार केले गेले, आणि तो वंशसंहार होता, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी ठरवले आहे. गावात शिरताना सेनापती रातको म्लादिच चित्रफितीत बोलताना दिसतो. तो म्हणतो, की दहियांविरुद्धच्या बंडानंतर अखेर तुर्कांचा सूड घेण्याची वेळ आली आहे. ते बंड १८०४ सालचे! एकशे एक्याण्णव वर्षांची सनावळी त्याने एका वाक्यात गिळली. समोर तुर्क नव्हतेच. समोर होते ते बसस्थानकावरचे, गिरणीतले, शाळेतले लोक.

जाता जाता आपल्याकडचाही एक धागा सांगतो. युगोस्लाव्हियात मार्च १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे जे शांतिदल उतरले, त्याचे पहिले सेनापती होते भारताचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत सैनिकी आयुष्य सुरू केलेले अधिकारी. दलाचे मुख्य ठाणे प्रथम सारायेवोलाच होते. वर्षभराने ते परतले. शांतता राखायला गेलेल्या दलापुढे राखायला शांतताच उरली नव्हती.

डिसेंबर १९९५ मध्ये डेटनच्या करारावर सह्या झाल्या आणि बंदुका थांबल्या. देश एक राहिला, पण त्याचे दोन भाग पडले, बोस्नियाक-क्रोआटांचे फेडरेशन आणि सर्बांचे रेपुब्लिका स्रप्स्का. राष्ट्राध्यक्ष एक नव्हे, तीन. एक बोस्नियाक, एक क्रोआट, एक सर्ब. मग ज्यू किंवा रोमा माणसाने काय करायचे? त्याला या पदासाठी उभेच राहता येत नसे. एका रोमा आणि एका ज्यू नागरिकाने युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, २००९ मध्ये खटला जिंकला, आणि तरीही पुढे कित्येक वर्षे घटना बदलली नाही. युद्धात ज्या तीन नावांनी माणसे मारली होती, तीच तीन नावे तहात राज्याचे खांब झाली. दुसरा मार्ग त्या वेळी होता का, हे मला सांगता येणार नाही. पण निवडणूक जिंकायची तर आपल्या नावाच्या लोकांना दुसऱ्या नावाचे भय दाखवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होऊन बसला.

युद्ध थांबले तरी मनोरे बोलतच होते. सर्ब दूरचित्रवाणीने १९९७ मध्ये शांतता राखायला आलेल्या नाटोच्या सैनिकांची चित्रे आणि नाझी फौजेची चित्रे आळीपाळीने दाखवली. पाहा, पुन्हा तेच, १९४१ चा सन पुसलेला! अखेर १ ऑक्टोबर १९९७ रोजी नाटोच्या सैनिकांनी त्या केंद्राचे चार मनोरे ताब्यात घेतले. पुढच्या वर्षी प्रसारमाध्यमांसाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. प्रत्येक केंद्राला परवाना घेणे आले, आचारसंहिता आली, ती मोडली तर दंड आला. उघड चिथावणी नभोवाणीवरून हळूहळू उतरली, हे मान्य केले पाहिजे.

उतरली, पण गेली कुठे? फुटबॉलच्या मैदानावर गेली. तिथे स्रेब्रेनित्साच्या नावाशी चाकू आणि तारेचे यमक जुळवून हजारो तरुण एका सुरात ओरडताना ऐकू आले. भिंतींवर गेली. आणि, गुरुजी, ती शाळेत गेली.

१९९९ मध्ये असे ठरले, की शालेय पुस्तकांतून दुसऱ्या समाजाला दुखावणारा मजकूर काढावा. नवी पुस्तके छापायला वेळ नव्हता. म्हणून काही मजकुरावर काळी शाई फासली, तर काही ठिकाणी शिक्का मारला, की या उताऱ्याची सत्यता ठरलेली नाही किंवा तो दुखावणारा असू शकतो. आता आपण शिक्षक आहात. वर्गातल्या पोरांच्या हाती असे पुस्तक दिले तर ती पहिल्यांदा कोणती ओळ वाचतील? पान उजेडाला धरून तीच वाचतील! पाठोपाठ युरोप परिषदेने सुचवले, की इतिहासकारांचा एक विचार तयार होईपर्यंत या युद्धाचा धडा शिकवूच नये. हेतू वाईट नव्हता. पण वर्गात जे सांगितले जात नाही ते घरी, चुलीशी बसून सांगितले जाते, आणि घरी सांगणारा सन सांगत नाही. तो फक्त 'त्यांनी आपल्याला मारले' एवढेच सांगतो.

शाई फासण्याहून मोठे काम इमारतींनी केले. मध्य बोस्निया आणि हर्झगोव्हिनात पन्नासाहून अधिक शाळा 'एका छपराखाली दोन शाळा' अशा चालत आल्या. इमारत एक, पण क्रोआट मुले एका पाळीत आणि बोस्नियाक मुले दुसऱ्या पाळीत. काही ठिकाणी दारे वेगळी, मुख्याध्यापक वेगळे, इतिहासाचे पुस्तक वेगळे. २००७ मध्ये मध्य बोस्नियाच्या शिक्षणमंत्र्यांनी याचे समर्थन करताना म्हटले होते, की सफरचंदे आणि नाशपाती एकत्र करता येत नाहीत. यात एकही शिवी नाही. कोणत्याही आयोगाला यासाठी दंड करता यायचा नाही. तरीही मुलांविषयी जबाबदार माणसाने उच्चारलेले याहून कठोर वाक्य मला चटकन आठवत नाही.

शिवीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो बिनशब्दांचा आहे. मार्च २०१६ मध्ये सारायेवोजवळच्या पाले गावात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला रादोव्हान कराजिचचे नाव दिले गेले. हे गृहस्थ मानसोपचारतज्ज्ञ, कवी आणि युद्धकाळातले सर्ब नेते. त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्यांना वंशसंहारासाठी चाळीस वर्षांची शिक्षा सुनावली. २०१९ मध्ये ती जन्मठेप झाली. ती पाटी उतरायला डिसेंबर २०२० उजाडले. स्रेब्रेनित्साच्या आया अजून मुलांची हाडे शोधत होत्या. मारणाऱ्यांनी कबरी यंत्रांनी उकरून दुसरीकडे हलवल्या होत्या, त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन कबरींतून गोळा करावी लागत. त्या बाईला 'असे काही झालेच नाही' म्हणणे याला भाषेत शिवी म्हणत नाहीत खरे. पण सन पुसण्याचा हा शेवटचा टप्पा आहे. आधी जुना सन पुसून शेजाऱ्याला मारायचे, आणि मग मारल्याचाही सन पुसायचा.

जुलै २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय समुदायाचे उच्च प्रतिनिधी व्हालेंटिन इन्झ्को यांनी जाता जाता आपल्या अधिकारात कायदा बदलला. वंशसंहार नाकारणे आणि शिक्षा झालेल्या युद्धगुन्हेगारांचा गौरव करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. आठवड्याच्या आतच रेपुब्लिका स्रप्स्काच्या विधिमंडळाने हा निर्णय आपल्याकडे लागू नाही असे ठरवले. परक्याने लादलेला कायदा म्हणून त्याचीही एक तक्रार झाली. कायदा नसावा असे मी म्हणणार नाही. कबरीवर उभे राहून हसणाऱ्याला कोणीतरी थांबवले पाहिजे. पण कायद्याने फार तर तोंड धरता येते, आणि सर्ब पोराच्या वहीत १९९५ लिहिलेच नसेल तर त्याला आपण काय नाकारतो आहोत हेही कळत नाही. बोस्नियाक पोराच्या वहीत १९४२ चा कोझारा नसेल तर त्याला शेजारच्या म्हातारीचे भय कळत नाही.

आता यायत्से गावची हकीगत सांगून थांबतो. प्लिव्हा नदीचा धबधबा गावाच्या अगदी कुशीत कोसळतो, असे हे मध्य बोस्नियातले जुने गाव. नोव्हेंबर १९४३ मध्ये टिटोच्या सैनिकांनी इथेच सभा भरवून सर्व समाजांच्या नव्या युगोस्लाव्हियाची घोषणा केली होती. २०१६ मध्ये त्या गावातल्या अधिकाऱ्यांनी ठरवले, की माध्यमिक शाळेतली बोस्नियाक मुले वेगळी काढून त्यांच्यासाठी निराळी शाळा काढावी. मुलांना हे कळले. मोर्चा काढायला कोणा पक्षाने सांगितले नव्हते. क्रोआट आणि बोस्नियाक पोरेपोरी मिळून रस्त्यावर आली, आणि आम्हांला वेगळे करू नका म्हणाली. थोरांनी थोडे दिवस वाट पाहिली. पोरे आहेत, परीक्षा आल्या की विसरतील, असा हिशेब असावा. पोरे विसरली नाहीत. २०१७ च्या उन्हाळ्यात ती थेट त्राव्हनिकला, विभागाच्या मुख्य ठाण्याला जाऊन उभी राहिली. ही सगळी मुले युद्ध संपल्यानंतर जन्मलेली. लढाईतले त्यांनी काहीच पाहिले नव्हते. पाहिली होती ती फक्त शिव्यांतून उरलेली लढाई.

सरकारने नव्या शाळेचा बेत मागे घेतला. २०१८ मध्ये या विद्यार्थ्यांना अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी दिला जाणारा माक्स व्हान डेर स्टूल पुरस्कार मिळाला. दुसऱ्या गावांतल्या दोन पाळ्यांच्या शाळा त्यामुळे बंद पडल्या नाहीत. त्या तशाच चालत राहिल्या. मात्र बेत बारगळल्यावर सुट्टी संपवून शाळा उघडली, तेव्हा यायत्सेची मुले आपल्या जुन्याच शाळेत, जुन्याच दारातून आत गेली.